कोळशाच्या मुलखातलं नाताळचं गाणं

वुल्व्हरहॅम्प्टन, डिसेंबर

नोव्हेंबर सरला की इथे किराणा घ्यायला जा, नाहीतर केस कापायला, ‘स्लेड’ या बँडचं ‘मेरी ख्रिसमस एव्हरीबडी’ कानावर पडतंच. त्यात देवधर्म काही नाही. जमलेले पाहुणे, बर्फ, नाचायला उठलेली आजी. शेवटी गायक नॉडी होल्डर नरडं ताणून ओरडतो, तेव्हा अख्खा पब त्याच्याबरोबर ओरडतो. मंडईच्या रात्री झाडीपट्टीचं नाटक रंगात आलं की मंडपातलं पब्लिकही असंच गाणं आपल्या ताब्यात घेतं.

पण चांदा-गडचिरोलीच्या वाचकांना या गाण्यामागचा कोळसा अधिक जवळचा वाटेल. होल्डर शेजारच्या वॉल्सॉलचा, खिडक्या पुसणाऱ्याचा मुलगा. ‘ब्लॅक कंट्री’ नावाचा हा टापूच खाणी आणि ओतकामाचा.

होल्डर आणि जिम ली यांचं हे गाणं १९७३ साली न्यूयॉर्कच्या उकाड्यात रेकॉर्ड झालं. ड्रम वाजवणारा डॉन पॉवेल जुलैतल्या मोटार अपघातातून जेमतेम उठला होता. मैत्रीण त्यात गेली, आणि त्याच्या धड काही लक्षात राहत नव्हतं. रेकॉर्ड बाजारात आली डिसेंबरात. तोवर अरब देशांनी तेल आखडतं घेतलं होतं, खाणकामगारांनी पगारवाढीसाठी ओव्हरटाइम बंद केला होता आणि वीजकेंद्रांना कोळशाची चणचण भासत होती. ब्रिटनचे पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी आणीबाणी पुकारली. १ जानेवारीपासून बहुतेक कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज. भारनियमन म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. गाणं तेव्हाही पहिल्या क्रमांकावरच होतं. पाच आठवडे राहिलं.

देशावर सत्ता कुणाची, सरकारची की संघटनांची, असं विचारत हीथ फेब्रुवारीत निवडणुकीला गेले आणि बहुमत गमावून बसले. जमिनीखाली उतरणाऱ्यांनी चार पैसे वाढवून मागितले यात मला तरी काही गैर दिसत नाही.

त्याच १९७३ च्या मे महिन्यात आपल्याकडच्या खाणी सरकारी झाल्या. ब्रिटनची शेवटची खोल कोळसा खाण २०१५ साली बंद पडली, कोळशावरचं शेवटचं वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी. चंद्रपूरचं केंद्र अजून चालू आहे, आणि घराघरांत बसणारी धूळही. बल्लारपूर, माजरी, घुग्घुसच्या खाणीत १९७३ साली कामाला असलेल्या कुणी तेव्हाच्या आठवणी लिहून ठेवल्या असतील, तर जरूर पाठवा. इथल्या निवृत्त खाणकामगारांना त्या वाचून दाखवायच्या आहेत.