काउंट वाढला, म्हणून डोस वाढवला (रक्ताची गोष्ट : भाग ६)

अस्थिमज्जेत रक्तपेशी कशा तयार होतात ते मागच्या भागात पाहिलं. तिथलीच एखादी पेशी कधीकधी कच्च्या वयात अडकते. मोठी होऊन कामाला लागायचं सोडून आपल्यासारख्याच कच्च्या पेशी काढत सुटते आणि बघता बघता सगळी जागा व्यापते. हा ल्युकेमिया. त्याचे प्रकार बरेच. आज फक्त मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराबद्दल, म्हणजे ऍक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाबद्दल. वॉर्डात सगळे त्याला ‘ए-एल-एल’ म्हणतात. दोन ते पाच या वयात तो सर्वांत जास्त दिसतो.

लक्षणं इतकी साधी असतात की सुरुवातीचे काही आठवडे बहुधा वायाच जातात. ताप येतो-जातो, पोर फिकट पडतं, पाय दुखतात म्हणून कडेवरून उतरत नाही, कुठे न धडपडता अंगावर काळेनिळे डाग उठतात. मग कुणीतरी सीबीसी करायला सांगतं. रिपोर्टात पांढऱ्या पेशी साठ-सत्तर हजारही निघू शकतात, पण त्यातल्या बहुतेक ‘ब्लास्ट’, म्हणजे कच्च्या. जंतूंशी लढायला त्यांचा काडीचा उपयोग नाही. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट मात्र तळाला. तेव्हापासून पुढची दोन-अडीच वर्षं त्या घरात एकच प्रश्न विचारला जातो : काउंट किती आला?

उपचाराच्या टप्प्यागणिक या उत्तराचा अर्थ बदलतो, आणि नेमकं तेवढंच घरच्यांना बऱ्याचदा नीट सांगितलं जात नाही.

पहिला टप्पा ‘इंडक्शन’, चार-पाच आठवड्यांचा. व्हिन्क्रिस्टिन, ऍस्परॅजिनेज, स्टेरॉइड. शिवाय पाठीच्या कण्यातून दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट, कारण मेंदूभोवतीच्या पाण्यात दडलेल्या पेशींपर्यंत शिरेतली औषधं पुरेशी पोचत नाहीत. रोगाबरोबर चांगल्या पेशीही मरतात, त्यामुळे या दिवसांत पडलेला काउंट ही खरोखर धास्तीची गोष्ट. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, पाचशेच्या खाली आणि ताप १००.४ फॅरनहाइट, असं झालं तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नसते. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी हॉस्पिटल गाठायचं. प्लेटलेट दहा हजारांखाली गेल्या की बहुधा पिशवी चढवावी लागते, आणि ती फार आधी आणून ठेवता येत नाही, कारण प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात. म्हणून बाप रक्तपेढीच्या बाकावर बसून ओळखीपाळखीच्यांना फोन लावत असतो.

स्टेरॉइडची भूक हा वेगळाच प्रकार. एरवी एकेका घासासाठी ज्याच्या मागे धावावं लागायचं, ते पोर पहाटे तीनला उठून वरणभात मागतं, ताट संपताच पुन्हा मागतं, आणि नाही म्हटलं तर आकांत करतं. गाल फुगतात, पोट सुटतं. शेजारीण म्हणते, तब्येत सुधारली हो!

महिन्याभरानं मज्जा पुन्हा तपासतात. ब्लास्ट पाच टक्क्यांखाली आले की रेमिशन. बहुतेक मुलं इथवर पोचतात आणि घोळ इथूनच सुरू होतो. निदानाच्या वेळी अंगात साधारण एक लाख कोटी रोगट पेशी असतात. सूक्ष्मदर्शकाखाली मज्जा स्वच्छ दिसू लागली तरी त्यातल्या शेकडो कोटी शिल्लक असू शकतात.

हे कळायला किंमत मोजावी लागली. १९४७च्या अखेरीस बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना अमिनोप्टेरिन द्यायला सुरुवात केली. हे औषध आलं होतं लेडर्ली प्रयोगशाळेतून, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. (त्यांचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत इतकं कमी का, हा वेगळा लेख होईल.) सोळापैकी दहा मुलं सुधारली, खेळायला लागली. काही महिन्यांत रोग परतला. आजचं मेथोट्रेक्सेट त्याच औषधाचं भावंड.

म्हणूनच आणखी काही महिने तगडी औषधं देऊन झाल्यावर ‘मेंटेनन्स’ येतो, दीड-दोन वर्षांचा. रोज रात्री मर्कॅप्टोप्युरिन आणि आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट. ते चुकून रोज दिलं गेलं तर जिवावर बेततं. म्हणून कालनिर्णयवर प्रत्येक सोमवारभोवती लाल गोल करून ठेवावा. मर्कॅप्टोप्युरिनची गोळी पन्नास मिलिग्रॅमची, पोराचा डोस त्याहून कमी. मग चिठ्ठीवर लिहून मिळतं : तीन दिवस अर्धी, चार दिवस पाऊण.

आणि एका तपासणीला आई हसतमुखानं सांगते, “डॉक्टर, या वेळी काउंट मस्त, सात हजार!” डॉक्टर डोस वाढवतात. आई चक्रावते. या टप्प्यात पांढऱ्या पेशी दोन-तीन हजारांच्या आसपासच राहायला हव्या असतात. त्या फार वर गेल्या तर डोस तोकडा पडतोय किंवा गोळ्या चुकताहेत, असा संशय येतो. अमेरिकेत डबीच्या झाकणात चिप बसवून केलेल्या पाहणीत दिसलं की शंभरातल्या पाचापेक्षा जास्त गोळ्या चुकणाऱ्या मुलांत रोग उलटायचं प्रमाण बरंच जास्त होतं.

गोळ्या चुकतात त्या निष्काळजीपणामुळेच, असं मला वाटत नाही. केस परत आलेले असतात, शाळा सुरू झालेली असते, आजी म्हणते, “धडधाकट पोराला एवढ्या गरम गोळ्या कशाला?” कुणी काढा सुचवतं; त्या यकृतावर गोळ्यांचा ताण आधीच असतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचारांचा बराच भार उचलला जातो, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत परळच्या टाटा हॉस्पिटलच्या रुग्णांना आसरा मिळतो. पण नांदेडहून परळला यायचं म्हणजे बुडणारी मजुरी कोण भरून देणार? उपचार अर्धवट सुटतात ते बहुतेक अशा खर्चांपायी.

शेवटची गोळी संपते त्या दिवशी पेढे वाटले जातात, पण बऱ्याच आयांची झोप त्याच रात्री उडते : आता औषधाविना कसं? रोग उलटण्याचा धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत अधिक, म्हणून तपासण्या सुरुवातीला वरचेवर होतात, मग त्यांच्यातलं अंतर वाढत जातं.

पुढच्या भागात मोठ्या माणसांचा ल्युकेमिया, आणि ज्या गोळीच्या पेटंटचा निकाल २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात लागला तिची गोष्ट.