आराखड्याआधी दप्तर पाहावे
अमेरिकेतील टॅकोमा नॅरोज हा झुलता पूल १ जुलै १९४० रोजी खुला झाला आणि ७ नोव्हेंबरला, ताशी सुमारे ४० मैलांच्या वाऱ्यात, पिळवटून कोसळला. ज्या सिद्धांतावर तो बेतला होता तो नामांकित होता. पण त्यात वाऱ्याच्या स्थिर दाबाचा हिशेब होता, हेलकाव्यांचा नव्हता. ओहायो नदीवरील व्हीलिंगचा झुलता पूल वाऱ्याने पडल्याची १८५४ सालची हकीकत मात्र जुन्या वर्तमानपत्रांत छापलेली होती. म्हणून संदर्भ हाती घेताना आम्ही तीन गोष्टी विचारतो : हे कोणी मोजले? कोणत्या परिस्थितीत? अपघातांच्या नोंदी पाहिल्या काय? विक्रेत्याचे माहितीपत्रक गुण सांगते. चौकशीचा अहवाल मर्यादा सांगतो. चूक कागदावर होते, परंतु पुलावर मजूर उभा असतो. हे प्रश्न विचारण्याचा हक्क त्यालाही आहे.