विकतच्या वैरणीवर गाय सांभाळताना: आधी मोजा, मग घाला

कुरुळी, चिंबळी, निघोजे, मोई या चाकण पट्ट्यातील गावांमध्ये बरीच शेतजमीन कारखाने, गोदामे आणि रस्त्यांखाली गेली. तरीही अनेक घरांच्या दावणीला दोन-चार संकरित गाई आहेत. पूर्वी कडबा, मका, बांधावरचे गवत घरचे असे. आता वैरण विकत घ्यावी लागते आणि कंपन्यांच्या कँटीनमधील उरलेले जेवण मात्र सहज मिळते. दूध उत्पादनाच्या खर्चात आहाराचा वाटा साधारण ६० ते ७० टक्के असतो. त्यामुळे अशा ठिकाणी धंदा टिकणार की नाही, हे गव्हाणीतच ठरते.

वैरणीचा खरा भाव कसा काढावा?

वैरणीतील पाणी वजा केल्यावर उरतो तो शुष्क पदार्थ. जनावराचे पोषण त्यातूनच होते. हिरव्या मक्यात तो सुमारे २० टक्के, मुरघासात ३० टक्के, तर कडबा आणि पशुखाद्यात सुमारे ९० टक्के असतो. समजा, तुम्हाला पुढील दराने वैरण मिळते:

- हिरवा मका ४ रुपये किलो: शुष्क पदार्थ २० रुपये किलो
- मुरघास ७ रुपये किलो: शुष्क पदार्थ सुमारे २३ रुपये किलो
- कडबा १२ रुपये किलो: शुष्क पदार्थ सुमारे १३ रुपये किलो

म्हणजे स्वस्त वाटणाऱ्या हिरव्या भाऱ्यात आपण बरेचसे पाणीच विकत घेतो. मात्र नुसता कडबा घालूनही भागत नाही, कारण त्यात प्रथिने फार कमी असतात. तुमच्याकडचे दर घालून हा हिशेब करा आणि मगच खरेदी ठरवा.

१० लिटर दूध देणाऱ्या गाईचा आहार

दुभत्या संकरित गाईला वजनाच्या किमान ३ टक्के शुष्क पदार्थ लागतो. ४०० किलोच्या गाईला तो १२ किलो होतो. एका दिवसाचा आहार असा बसवता येईल:

- हिरवा मका किंवा संकरित नेपियर: २० किलो
- कडबा, कुट्टी करून: ४ किलो
- पशुखाद्य: ५ किलो, दोन वेळेत विभागून
- खनिज मिश्रण: ५० ग्रॅम
- स्वच्छ पाणी: दिवसभर समोर, गरज ७० ते १०० लिटर, उन्हाळ्यात अधिक

दूध कमी-जास्त झाले तर प्रत्येक लिटरमागे सुमारे ४०० ग्रॅम पशुखाद्य कमी-जास्त करा. वैरण किंवा खाद्य बदलायचे असेल तर ८ ते १० दिवसांत हळूहळू बदला.

कँटीनचे अन्न: फुकटचे महागात पडते

शिजवलेल्या १० किलो भातात सुमारे ३ किलो शुष्क पदार्थ असतो आणि तो जवळजवळ सगळा पिष्टमय. गाईने तो एकदम खाल्ला की कोटीपोटात आम्ल वाढते. तंतुमय वैरण पचवणारे जिवाणू मरू लागतात. गाय रवंथ थांबवते, पातळ हागते, दुधाचे फॅट उतरते. हाच प्रकार रोज थोडा-थोडा होत राहिला तर खुरे दुखू लागतात आणि गाय लंगडते. तीव्र आम्लता झाली तर गाय एक-दोन दिवसांत दगावू शकते. उरलेल्या जेवणात मीठ, तेल, मांसाचे तुकडे, प्लॅस्टिक आणि टूथपिकही येतात.

म्हणून पुढील काळजी घ्या:

- भात, भाजी, आमटी, मांसाहारी आणि आंबलेले अन्न घालू नका.
- द्यायच्याच असतील तर ताज्या, बुरशी नसलेल्या चपात्या निवडून, दिवसाला एक ते दीड किलोच, दोन वेळेत विभागून द्या. तेवढे पशुखाद्य कमी करा.
- आधी कडबा खाऊ द्या, चपाती नंतर.
- सणाच्या किंवा लग्नाच्या दिवशी दावणीवरचे जनावर उरलेल्या अन्नापर्यंत पोहोचणार नाही, हे पाहा.
- जनावराने जास्त अन्न खाल्ले तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकाला बोलावा. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

उसाचे वाढे आणि मुरघास

गाळप हंगामात वाढे स्वस्त मिळतात, पण त्यात प्रथिने कमी आणि ऑक्झलेट असते. ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. त्यामुळे वाढे हीच एकमेव हिरवी वैरण ठेवू नका, खनिज मिश्रण चुकवू नका. मुरघास विकत घेताना पिशवी उघडून पाहा. वास आंबटसर-गोड, रंग पिवळसर हिरवा असावा. मूठ दाबल्यावर पाणी गळू नये. काळा, बुरशी आलेला भाग फेकून द्या.

पाच गुंठे असतील तरी

घरामागे पाण्याखालची पाच गुंठे जागा असेल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले जयवंत’ किंवा उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेचा ‘बीएनएच-१०’ हा संकरित नेपियर लावा. वर्षाला हेक्टरी १५० टन हिरवा चारा धरला तर पाच गुंठ्यांतून रोज सरासरी २० किलो मिळतो, म्हणजे वरच्या आहारातील एका गाईचा पूर्ण हिरवा चारा. थंडीत नेपियरची वाढ मंदावते. त्या काळासाठी उन्हाळा-पावसाळ्यातील जादा वैरणीचा मुरघास करून ठेवा.

यावरून गोठ्यात किती गाई ठेवाव्यात हेही कळते. चार गाई अर्धपोटी सांभाळण्यापेक्षा दोन गाईंना पूर्ण आहार दिला तर हाती जास्त उरते, कारण प्रत्येक गाईचा पहिला घास तिचे शरीर टिकवण्यातच खर्च होतो. दूध त्यानंतरच्या आहारातून येते.

या आठवड्यात एक करा. साधा ताणकाटा आणून सलग सात दिवस प्रत्येक गाईसमोरची वैरण, खाद्य आणि उष्टावळ तोलून वहीत लिहा, शेजारी दूध आणि फॅट लिहा. विस्तार कार्यकर्त्यांनीही गोठ्यावर गेल्यावर आधी ही वही मागावी. आहारात नेमके काय बदलायचे, ते तिच्यातूनच दिसेल.