सदतीस अंशांचा कोरडा ठोकळा

अंधेरीत स्टेशनच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला, कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये आपण सकाळी उपाशीपोटी रक्त देतो आणि कापूस दाबत बाहेर पडतो. त्या रक्ताचं पुढे काय होतं, ते सहसा आपल्या नजरेस पडत नाही. बाटली सेंट्रिफ्यूजमध्ये फिरते, वर फिकट पिवळा द्रव जमतो. त्यातला 10 मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाहूनही कमी, पिपेटने उचलून एक मिलिलिटर रिएजंटमध्ये मिसळला जातो. मग ती नळी एका छोट्या पेटीच्या भोकात उभी राहते. दहा-पंधरा मिनिटांत तिच्यात गुलाबी रंग चढतो आणि त्या रंगाच्या गडदपणावरून रक्तातली साखर ठरते.

ती पेटी म्हणजे ड्राय बाथ. आत अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा असतो आणि त्याला आप्पेपात्रासारख्या, पण खोल आणि अरुंद खळग्या असतात. खाली हीटर, पोटात सेन्सर आणि समोर लाल आकडे: 37.0. साखरेच्या चाचणीतलं एन्झाइम त्या तापमानाला ठरल्या वेळेत काम पुरं करतं. यकृतासाठी केलेल्या एसजीपीटीसारख्या चाचणीत तर अभिक्रियेचा वेगच मोजायचा असतो आणि वेग तापमानाबरोबर बदलतो. तिथे अंशा-दोन अंशांची चूक थेट रिपोर्टात उतरते. लॅबमधल्या महागड्या यंत्रांकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण या स्वस्त ठोकळ्यावर किती निदानं उभी आहेत, याची जाणीव लॅबबाहेर फारशी नसते. म्हणून त्याची ओळख करून द्यायची.

त्याच्या आधी हे काम वॉटर बाथ करत असे, आणि अनेक ठिकाणी आजही करतो. स्टीलचा हौद, त्यात कोमट पाणी आणि पाण्यात स्टँडसकट बुडवलेल्या नळ्या. पाण्याचा मोठा गुण असा की ते समोरच्या वस्तूचा आकार घेतं. नळी गोल बुडाची असो, शंकूच्या आकाराचा फ्लास्क असो, नाहीतर रक्तपेढीतली प्लाझ्माची पिशवी, पाणी तिला सर्व बाजूंनी भिडतं. शिवाय पाण्यात उष्णता धरून ठेवण्याची ताकद दांडगी. एक घनसेंटिमीटर पाणी एका अंशाने तापवायला 4.2 ज्यूल लागतात, तेवढ्याच अ‍ॅल्युमिनियमला 2.4 पुरतात. त्यामुळे थंड नळी बुडवली तरी पाण्याचं तापमान फारसं ढळत नाही.

पण 37 अंशांचं स्थिर पाणी जंतूंनाही मानवतं. चार दिवस दुर्लक्ष झालं की भिंतीला बुळबुळीत थर धरतो. स्यूडोमोनास आणि बर्कहोल्डेरिया या जातीच्या जिवाणूंना असली जागा फार आवडते. गोठवलेला प्लाझ्मा दूषित वॉटर बाथमध्ये वितळवल्यामुळे रुग्णांना संसर्ग झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणूनच पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून बुडवायची पद्धत आली आणि पुढे प्लाझ्मा कोरडाच वितळवणारी यंत्रंही आली. पाण्याचं नुसतं बाष्पीभवनही महागात पडतं. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे 0.67 युनिट वीज घेऊन जातं. रात्रीत पातळी खाली गेली आणि हीटर उघडा पडला, तर तो जळतो. गाळ्यात थाटलेल्या लॅबमध्ये, जिथे टेबलाचा प्रत्येक फूट मोलाचा आहे, तिथे हौद उपसणं, घासणं, पुन्हा भरणं हा रोजच्या कामातला मोठा वाटा होतो. पावसाळ्यात दमट हवेची भर पडते ती वेगळीच.

मग सगळ्यांनी पाणी आधीच का सोडलं नाही? याचं उत्तर नळीत आहे, असं मला वाटतं. अंधेरीतल्याच मरोळला प्रयोगशाळेचं काचसामान बनवणाऱ्या बोरोसिलचा कारखाना होता. 1962 साली सुरू झालेल्या या कंपनीला अमेरिकेतल्या कॉर्निंगची साथ होती. त्या काळातली प्रयोगशाळा काचेची होती. बीकर, शंकूच्या आकाराचे फ्लास्क, लहानमोठ्या परीक्षानळ्या अशी शेकडो मापं होती. इतक्या तऱ्हेच्या भांड्यांना एकाच वेळी ऊब द्यायची तर पाण्यावाचून इलाज नव्हता. धातू कुणासाठी आकार बदलत नाही. 1960च्या दशकात जर्मनीतल्या एपेनडॉर्फ कंपनीने प्लास्टिकची छोटी झाकणवाली नळी आणली आणि हळूहळू दीड मिलिलिटरचं माप जगभर रुळलं. नळी एकाच मापाची झाली, तेव्हा तिच्या मापाचा खळगा पाडणंही शक्य झालं. कोरड्या ठोकळ्याचा इतिहास हा खरं तर नळीच्या शिस्तीचा इतिहास आहे.

हे पटायला दोन आकडे पुरेत. उष्णता वाहून नेण्याची अ‍ॅल्युमिनियमची क्षमता पाण्याच्या जवळजवळ 400 पट आहे. पाण्याची हवेच्या 20 पटींहून जास्त. म्हणजे नळी आणि ठोकळा यांच्यामध्ये हवेची फट राहिली, तर अ‍ॅल्युमिनियमची सगळी हुशारी त्या फटीत अडकून पडते. खळगा मिलिमीटरभर मोठा असला तरी नळी 37 अंशांना पोहोचायला बराच जास्त वेळ घेते, आणि समोरचा आकडा मात्र पहिल्या क्षणापासून 37.0च असतो. तो आकडा ठोकळ्याचा आहे, नळीतल्या द्रवाचा नव्हे. यंत्राच्या आत बहुधा पीटी-100 सेन्सर असतो, शून्य अंशाला 100 ओहम रोध देणारी प्लॅटिनमची तार. तो इमानदारीने ठोकळ्याचंच तापमान सांगतो. म्हणून नळीत पाणी भरून, त्यात थर्मामीटरची कांडी सोडून, मधल्या आणि कडेच्या खळग्यांत वेगवेगळं तापमान मोजून पाहणं हे मी ड्राय बाथ वापरणाऱ्याचं पहिलं कर्तव्य मानतो. कडेचे खळगे मधल्यांपेक्षा थोडे थंड असण्याची शक्यता असते.

कोरड्या उष्णतेच्या या घराण्याचं सगळ्यात नामवंत यंत्र म्हणजे थर्मल सायकलर. 1983 साली अमेरिकेतल्या सीटस कंपनीत कॅरी मलिस यांना पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती काढण्याची, कल्पना सुचली. डीएनएच्या नळ्या सुमारे 95 अंशांच्या पाण्यातून काढायच्या, कमी तापमानाच्या पाण्यात ठेवायच्या, परत आणायच्या, आणि हे चक्र तीसेक वेळा करायचं. सुरुवातीला माणसं घड्याळ लावून हे हाताने करत. प्रत्येक फेरीत उष्णतेने प्रती काढणारं एन्झाइम मरत असे, म्हणून ते दर वेळी नव्याने घालावं लागे. यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यातून थॉमस ब्रॉक यांनी शोधलेल्या जिवाणूचं उष्णता सोसणारं एन्झाइम हाती आलं आणि ती अडचण गेली. 1987 मध्ये पर्किन-एल्मर सीटसचा थर्मल सायकलर बाजारात आला. धातूचा एकच ठोकळा आपलं तापमान बदलू लागला आणि नळ्यांची हौदा-हौदांतली ये-जा थांबली. 1993 मध्ये मलिस यांना नोबेल मिळालं. 2020 मध्ये मरोळचं सेव्हन हिल्स रुग्णालय कोविडच्या रुग्णांनी भरलं होतं, तेव्हा शहरभरचे स्वॅब ज्या आरटी-पीसीआर यंत्रांत जात होते, त्यांच्या पोटात बहुतेक 96 खळग्यांचा असाच ठोकळा होता. त्यावर सुमारे 105 अंशांचं तापलेलं झाकणही असतं. ते नसतं तर तळ गरम आणि टोपण थंड राहून द्रव उडून टोपणाला चिकटला असता. साध्या ड्राय बाथमध्ये ही उणीव राहते. थोडा द्रव जास्त वेळ ठेवायचा असेल, तर ती विसरून चालत नाही.

कोरडी ऊब आपल्याकडे फार जुनी आहे. रसरत्नसमुच्चय या रसशास्त्राच्या ग्रंथात यंत्रांचं वर्णन येतं, त्यात वालुकायंत्रही आहे. काचेच्या कुपीला कापडमातीचे सात थर द्यायचे, ती वाळूने भरलेल्या भांड्यात मानेपर्यंत पुरायची आणि खालून आधी मृदू, मग मध्यम, मग तीव्र अग्नी द्यायचा. रससिंदूर, मकरध्वज अशी कूपीपक्व रसायनं त्यातून तयार होतात. पनवेलच्या श्री धूतपापेश्वरसारख्या, 1872 पासूनच्या औषधशाळेने ही परंपरा महाराष्ट्रात टिकवली. पाणी उघड्या भांड्यात 100 अंशांपुढे जात नाही, इथे मात्र गंधक वितळून पुढे कितीतरी शे अंश चढायचं असतं. वाळू उष्णता संथपणे पोहोचवते आणि म्हणूनच कुपी तडकत नाही. ड्राय बाथमध्ये उष्णतेचा जो संथपणा अडथळा ठरतो, तोच इथे कामाला आला. ही जाण त्या काळच्या रसवैद्यांना प्रत्यक्ष हातांनी आली होती, आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आज पाणी आणि ठोकळा यांच्या मधला एक मार्गही निघाला आहे. हौद तोच, पाण्याऐवजी त्यात अ‍ॅल्युमिनियमचे बारीक चकचकीत मणी. नळी, फ्लास्क, बाटली, कशीही खुपसा, मणी तिच्याभोवती बसतात. जंतूंना ओल मिळत नाही आणि रिकामा हौद जळण्याची भीती नाही. मात्र मण्यांच्या मध्ये हवा असते, त्यामुळे हौद तापायला वेळ लागतो. सकाळी घाईत सुरू करून चालत नाही, तो कायम चालूच ठेवावा लागतो. गोठवलेल्या पेशी मिनिटा-दोन मिनिटांत वितळवायच्या असतील, तर पाण्याचा वेग या मण्यांना गाठता येत नाही.

अर्धा लिटर आगर वितळवून 45-50 अंशांना पातळ ठेवायचं असेल, हलत्या हौदात फ्लास्क घुसळायचे असतील, तिथे मी पाणीच ठेवीन, मात्र दर आठवड्याला उपसून आणि घासून. साखर, एसजीपीटी, प्लास्टिकच्या नळ्यांतलं डीएनएचं काम, आयव्हीएफ लॅबमध्ये बीजांडं असलेल्या द्रवाच्या नळ्या, हे सगळं कोरड्याकडे गेलेलं बरं. विकत घेताना यंत्र किती अंशांपर्यंत जातं यापेक्षा ठोकळा बदलता येतो का आणि खळग्याचा व्यास किती, हे आधी विचारावं. आपली नळी सोबत नेऊन खळग्यात घालून पाहावी. ती हलली, तर तो ठोकळा परत करावा.