कौन्सिलचे पत्र आणि साठ दिवस

डॉक्टरविरुद्ध मेडिकल कौन्सिलकडे केलेली तक्रार 'निष्काळजीपणा आढळून येत नाही' अशा पत्राने निकालात निघाली की आपल्याकडची माणसे ते पत्र पत्र्याच्या पेटीत ठेवून देतात. विषय संपला असे समजतात. मागे किनाऱ्यावरच्या एका गावातून एक मावशी असेच पत्र घेऊन आमच्याकडे आल्या. "पत्र इला, आता काय करूचा?" एवढाच त्यांचा प्रश्न. पत्र आले तेव्हा मासेमारीचा हंगाम ऐन भरात होता, मुलगा मुंबईला, घरात वाचणारे कोणी नाही. आमच्या हाती ते पडेपर्यंत पाचवा महिना लागला होता. म्हणून हा लेख.

वाचकहो, आम्ही पडलो कारकुनी पेशाचे. त्यामुळे पहिले सांगणे कारकुनीच आहे. असे पत्र आले की लखोटा फेकू नका. अपिलाची मुदत निकालाच्या तारखेपासून नव्हे, निकाल हाती पडल्यापासून मोजतात. लखोट्यावरचा टपालाचा शिक्का हाच त्या दिवसाचा पुरावा.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल १९६५ च्या कायद्याने चालते. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी तिच्याकडे असते. चौकशीत दोष आढळला तर कौन्सिल ताकीद देते, काही काळ नोंदणी निलंबित करते किंवा नाव कमी करते. ती भरपाई देत नाही. आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दातांच्या डॉक्टरांच्या परिषदा निराळ्या आहेत. मालवण-सावंतवाडीकडचे आपले लोक बांबोळीला उपचारासाठी जातात. तिथल्या डॉक्टरची नोंद गोव्यात असेल तर तक्रार गोवा मेडिकल कौन्सिलकडे जाईल. तेव्हा डॉक्टरचा नोंदणी क्रमांक आधी पाहावा.

कोकणच्या माणसाने ही वाट फार पूर्वी तुडवली आहे. मे १९५३ मध्ये गुहागरजवळच्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाचे मांडीचे हाड मोडले. आपला मालवणही तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता. गावात पायाला लाकडी फळ्या बांधून त्याला टॅक्सीने पुण्याला नेले. तिथे पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवले, त्या धक्क्याने तो त्याच दिवशी गेला, असे पुढे कोर्टाने मानले. वडील स्वतः डॉक्टर. त्यांनी कौन्सिलकडे तक्रार केली, दिवाणी दावाही लावला. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरने कौन्सिलला पाठवलेला लेखी खुलासा पुढे कोर्टासमोर आला आणि तपासला गेला. 'जोशी विरुद्ध गोडबोले' या नावाने प्रसिद्ध असलेल्या या खटल्यात मे १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टाने डॉक्टरचे अपील फेटाळले. भरपाई होती तीन हजार रुपये. पंधरा वर्षे लागली! तरी कौन्सिलकडे गेलेला कागद वाया गेला नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता अपिलाकडे येऊ. डॉक्टरांच्या वर्तनाचे २००२ चे नियम आहेत. त्यांत मे २००४ मध्ये भर पडली. राज्य कौन्सिलच्या निकालाने नाराज झालेल्या 'कोणत्याही व्यक्तीला' साठ दिवसांत केंद्रीय कौन्सिलकडे अपील करता येईल, सबळ कारण दाखवल्यास आणखी साठ दिवस मिळतील, अशी ती तरतूद. तक्रारीचा निकाल सहा महिन्यांत लागावा, असेही नियम सांगतात. कलकत्त्याच्या अनुराधा साहा यांचा १९९८ मध्ये मृत्यू झाला. तिथल्या राज्य कौन्सिलने डॉक्टरांना निर्दोष ठरवले होते. पती डॉ. कुणाल साहा यांनी प्रकरण वर नेले आणि २०११ मध्ये केंद्रीय कौन्सिलने दोन डॉक्टरांची नोंदणी तीन महिने निलंबित केली. खालचा निकाल वर बदलतो तो असा.

पुढे मात्र गोची झाली. २५ सप्टेंबर २०२० रोजी जुनी केंद्रीय कौन्सिल जाऊन राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात कलम ३० आहे. राज्य कौन्सिलच्या कारवाईवर डॉक्टरने आयोगाच्या नीती व नोंदणी मंडळाकडे अपील करावे, तिथेही समाधान झाले नाही तर खुद्द आयोगाकडे जावे, असे ते सांगते. रुग्णाच्या अपिलाचा त्यात शब्द नाही. या कलमाकडे बोट दाखवून रुग्णांची अपिले परत पाठवल्याची उदाहरणे आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम आले, पण त्याच महिन्यात ते स्थगित होऊन २००२ चे नियम पुन्हा लागू झाले. म्हणजे नियम 'कोणतीही व्यक्ती' म्हणतो आणि कायदा फक्त डॉक्टर म्हणतो.

डॉक्टरला अपील असूच नये, असे आमचे म्हणणे नाही. नोंदणी गेली तर त्याची भाकरी जाते, आणि खोट्या तक्रारीही होतात. पण एकाच निकालावर एकाला दोन पायऱ्या आणि दुसऱ्याला एकही नाही, हे संविधानाच्या १४ व्या कलमाशी कसे जुळते? त्यात कौन्सिलवर बसणारी मंडळीही बहुतेक डॉक्टरच.

याची झळ गरिबालाच जास्त. खाजगी दवाखान्यात पैसे भरलेल्याला ग्राहक आयोगाची वाट आहे. १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने ती उघडली. दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. परंतु जिथे सर्वांवर मोफत उपचार होतात ती रुग्णालये त्याच निकालाने ग्राहक कायद्याबाहेर ठेवली. आपली माणसे जातात कुठे? सरकारी दवाखान्यातच. त्यांना दिवाणी कोर्ट परवडत नाही, मग उरते ते कौन्सिल. तिथलेच अपील बंद झाले तर हातात काय राहते?

म्हणून आमचा सल्ला असा. आयोग घेईल की नाही या विचारात दिवस घालवू नका. २००४ च्या तरतुदीचा उल्लेख करून साठ दिवसांच्या आत लेखी अपील पाठवाच. परत आले तर ते नकाराचे पत्र जपून ठेवा, संविधानाच्या २२६ व्या कलमाखाली हायकोर्टात जाताना तेच कामी येते. १८ ऑगस्ट २०२५ पासून सिंधुदुर्गासाठी कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. मुंबई गाठण्यापेक्षा फोंडाघाट चढून जाणे केव्हाही सोपे. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट नाही.

आणि कागद आधी मागा. लेखी मागणी केल्यास ७२ तासांत उपचाराची कागदपत्रे देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. दाखल रुग्णाची कागदपत्रे त्याने तीन वर्षेच ठेवायची असतात, मग ती मिळतील याचा भरवसा नाही. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. तेव्हा अर्ज स्पीड पोस्टने पाठवा, पावती अर्जाच्या प्रतीला टाचा आणि त्या प्रतीवर तारीख घाला.