नक्षीची टीप आणि आईची मलमल

घरच्या शिवणयंत्रावर सरळ टीप मारण्याचा हात बसला, की नक्षीच्या टिपांचा मोह अनावर होतो. हल्लीच्या यंत्रांवर एक कळ फिरविताच पाने, साखळ्या आणि नागमोडी रेघा कापडावर उमटू लागतात. हाताने भरावयास चार संध्याकाळी लागतील, असा काठ अर्ध्या तासात पुरा होतो. भगिनींनो, या वेगातच एक धोका आहे. तो मी स्वतःच्या घरी अनुभवला, म्हणून हे लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी नाताळाच्या तोंडावर नातीसाठी फ्रॉक शिवावयाचा होता. आईच्या पेटीत जपून ठेवलेली जुनी पांढरी मलमल मी त्यासाठी काढली. आई हयात नव्हती आणि तसे कापड पुन्हा मिळणार नव्हते. घेराच्या कडेला भरीव पानांची ओळ शोभेल असे वाटले, आणि नमुना न काढताच मी यंत्र चालविले. हातभर अंतर जाते न जाते, तोच मलमल चुण्या पडून आक्रसली. टाके उसवावयास बसले, तेव्हा सुई गेली होती तेथे तेथे भोकांची रांग राहिली आणि दोन ठिकाणी कापड फाटले.

असे का व्हावे? सरळ टिपेत दोन टाक्यांमधले अंतर साधारण अडीच मिलिमीटर असते. म्हणजे एका सेंटिमीटरात सुई चार वेळा टोचते. भरीव नक्षीत हे अंतर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. तेथे तेवढ्याच जागेत सुई वीसपेक्षा अधिक वेळा शिरते. शिवाय टाका आडवा पडत असल्यामुळे दोरा कापडाला दोन्ही बाजूंनी आत ओढतो. जाड कापड ही ओढ सोसते. जुनी, विरळ मलमल सोशीत नाही.

साध्या यंत्रात सुई केवळ वर-खाली होते, नक्षीच्या यंत्रात ती आडवीही हलते. स्वित्झर्लंडमधील एल्ना सुपरमॅटिक या १९५२ सालच्या यंत्रात खाचा असलेल्या चकत्या बसवीत. चकतीच्या कडेवरून सरकणारा काटा जसा आत-बाहेर होई, तशी सुई डावी-उजवीकडे जाई. आज पुष्कळ यंत्रांत हेच काम विजेच्या साह्याने होते. नक्षी यंत्राची असली, तरी कापड सांभाळण्याचे काम शिवणारीचेच आहे.

त्यासाठी पूर्वतयारी हवी. नवे सुती कापड आधी धुऊन वाळवावे, नाहीतर पुढे ते आटते आणि नक्षी गोळा होते. रंगीत दोरा, विशेषतः तांबडा, ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून रंग सुटतो का ते पाहावे. पातळ कापडास भाताच्या पेजेची खळ द्यावी आणि ते किंचित ओलसर असतानाच इस्त्री करावी. शिवताना कापडाखाली कोरा पातळ कागद ठेवावा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई लागते. टीप झाल्यावर टाके बोटाने दाबून धरावेत आणि कागद हलकेच फाडून काढावा.

वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल करावा, म्हणजे बॉबिनचा दोरा वर डोकावत नाही. भरीव नक्षीसाठी तळाला खोबण असलेला फूट लावावा. साध्या फुटाखाली टाक्यांचा उंचवटा अडकतो आणि पाने एकावर एक चढतात. कापड हाताने ओढू नये. पुष्कळ नक्ष्यांत यंत्र कापडाला पुढे-मागे नेत असते. आपण ओढले की आकार बिघडतो.

मग त्याच कापडाच्या तुकड्यावर, त्याच दोऱ्याने आणि खाली तोच कागद ठेवून नमुना काढावा. त्यावरून हिशेबही होतो. समजा, दहा पानांना १८ सेंटिमीटर लागले. म्हणजे एका पानास १.८ सेंटिमीटर झाले. ३६ सेंटिमीटरच्या बाजूवर बरोबर वीस पाने बसतील. बाजू ३७ सेंटिमीटर असेल, तर दोन्ही टोकांस अर्धा अर्धा सेंटिमीटर मोकळा ठेवावा. पान कोपऱ्यात अर्धवट तुटत नाही.

नवशिक्या मुलींनी आरंभ उशीच्या अभ्र्यापासून करावा. बाजू जोडण्याआधी, कापड सपाट असतानाच, तोंडाच्या पट्टीवर खडूने रेघ आखावी आणि तिच्यावर एकच ओळ काढावी. शेवटी उलटी टीप न मारता दोऱ्याची टोके मागे ओढून गाठ द्यावी.

ज्या घरी पायाने चालणारे जुने यंत्र आहे, तेथेही निराश होण्याचे कारण नाही. भरतकामाचा जाड दोरा बॉबिनवर हाताने सारखा गुंडाळावा आणि बॉबिन केसचा बारीक स्क्रू थोडा सैल करावा. तो मूळ कोठे होता हे ध्यानात ठेवावे. वर साधा दोरा ओवावा. कापड उलटे घालून, उलट्या बाजूस आखलेल्या रेघेवरून सरळ टीप मारावी. कापड परतले, की सुलट बाजूस जाड दोऱ्याची उठावदार रेघ दिसते.

आता त्या फ्रॉकविषयी. फाटलेला पट्टा कापून टाकावा लागला आणि घेर चार बोटे आखूड झाला. तेव्हा मी नव्या पांढऱ्या पॉपलिनची पट्टी धुतली, तिला खळ दिली आणि नमुना पाहून तिच्यावर पानांची एकच ओळ काढली. ती पट्टी साध्या सरळ टिपेने मलमलीस जोडली. पॉपलिनच्या वजनाने घेर उलट अधिक चांगला पडला. तेव्हापासून माझा नियम ठरला आहे: जुन्या, मोलाच्या कापडावर नक्षी काढावयाची नाही, ती नव्या पट्टीवर काढावयाची आणि पट्टी जोडावयाची. पट्टी बिघडली तर दुसरी कापता येते.

तो फ्रॉक आता नातीला होत नाही. तो पुन्हा पेटीत गेला आहे आणि आईची मलमल, जेवढी उरली तेवढी, त्यात शाबूत आहे.