अल्फा-सिन्युक्लिन: उकळूनही न गोठणारे प्रथिन

अल्फा-सिन्युक्लिन हे चेतासंधीपाशी, म्हणजे एक चेतापेशी दुसरीला निरोप देते त्या टोकाशी, मुबलक आढळणारे प्रथिन. १९८८ मध्ये ते प्रथम सापडले टॉर्पेडो या विजेचा झटका देणाऱ्या माशाच्या विद्युत-अवयवात. माणसात त्याचे जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे आणि त्याच्या साखळीत १४० अमिनो आम्ले असतात. १९९७ मध्ये या जनुकातील एका बदलाचा आनुवंशिक पार्किन्सन आजाराशी संबंध दिसला. त्याच वर्षी रुग्णांच्या मेंदूतील ‘लुई पिंडां’चा, म्हणजे चेतापेशींत साचणाऱ्या गुठळ्यांचा, मुख्य घटक हेच प्रथिन असल्याचेही आढळले. तेव्हापासून प्रयोगशाळांना ते शुद्ध स्वरूपात लागू लागले.

ते मेंदूतून काढावे लागत नाही. मानवी जनुकाची प्रत प्लास्मिड या डीएनएच्या छोट्या वर्तुळात बसवून ई. कोलाय जिवाणूत घालतात. जिवाणू पुरेसे वाढले की आयपीटीजी हे रसायन देतात आणि जिवाणू मानवी प्रथिन तयार करू लागतात. पुढची पायरी विलक्षण आहे. पेशी फोडून मिळालेला द्राव चक्क उकळतात. बहुतेक प्रथिनांना ठरावीक घडी असते. उष्णतेने ती मोडते आणि अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखी ही प्रथिने गोठून खाली बसतात. अल्फा-सिन्युक्लिनला मुळातच पक्की घडी नाही, त्यामुळे मोडण्यासारखे काही नसते. साका खाली राहतो आणि हे प्रथिन वरच्या निवळीत विरघळलेले मिळते. उरलेली भेसळ आयन-विनिमय स्तंभातून काढतात. साखळीच्या शेपटाकडील ऋणभार तिथे उपयोगी पडतो.

मात्र जिवाणूने घडवलेले प्रथिन हुबेहूब मानवी नसते. चेतापेशीत त्याच्या सुरुवातीच्या टोकाला अॅसिटिल गट जोडलेला असतो, जिवाणूत सहसा नसतो. तो हवा असेल तर त्यासाठी लागणारे यीस्टचे विकरही त्याच पेशीत घालावे लागते. त्याहून फसवी चूक १३६व्या जागेची. तेथील टायरोसिनचा संकेत जिवाणू कधी कधी चुकीचा वाचतो आणि सिस्टीन बसवतो. सिस्टीन दुसऱ्या सिस्टीनशी बंध जोडते; मूळ साखळीत ते एकही नाही, म्हणून अशा चुकलेल्या रेणूंच्याच जोड्या जुळतात आणि प्रयोगाचा निष्कर्ष बिघडतो. टायरोसिनचाच दुसरा संकेत वापरला की ही चूक टळते. प्रथिन विकत घेणाऱ्या प्रत्येक संशोधकाने हे आधी विचारून घ्यावे, इतके ते महत्त्वाचे आहे.

शुद्ध प्रथिन ३७ अंश सेल्सियसला काही दिवस सतत हलवत ठेवले की रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात. थायोफ्लेविन-टी हे रंगद्रव्य तंतूंना चिकटले की चमकते, त्यावरून वाढ मोजतात. ध्वनिलहरींनी तुकडे केलेले हे तंतू बियाण्यासारखे काम करतात: २०१२ मध्ये निरोगी उंदरांच्या मेंदूत ते टोचल्यावर तिथले स्वतःचे प्रथिनही गुठळ्या करू लागले. म्हणूनच एकेरी प्रथिन आणि तंतू यांच्या कुप्या वेगळ्या ठेवतात, हातमोजे घालून हाताळतात आणि सांडलेले तंतू एसडीएस या अपमार्जकाच्या द्रावणाने पुसतात.